जुना रोलचा कॅमेरा: टिकतो का, जमतो का? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सकाळी गळ्यात पेंटॅक्स के-१००० अडकवून पुण्यातल्या वेताळ टेकडीवर गेलो की परत येईपर्यंत दोघं-तिघं तरी थांबवतात. "अहो, हे अजून चालतं?" हा पहिला प्रश्न. "आमच्याकडेही आहे एक, बाबांचा" हे दुसरं वाक्य. मग टेकडी उतरेपर्यंत प्रश्नच प्रश्न. तीच उत्तरं इतक्यांदा देऊन झाली आहेत की आता लिहूनच ठेवतो. मी दुकानदार नाही, मेकॅनिकही नाही. वीसेक वर्षं रोल घालून फोटो काढणारा हौशी माणूस आहे. दोन कॅमेरे स्वतःच्या हाताने बिघडवले आहेत, त्यामुळे काय करू नये हे जरा जास्त ठामपणे सांगू शकतो.

पन्नास वर्षांचा कॅमेरा खरंच चालतो, की शोकेसमध्येच ठेवायचा?

चालतो. के-१००० हेच उदाहरण घ्या. १९७६ साली बाजारात आला आणि १९९७ पर्यंत बनत राहिला. त्यात एक बटणसेल असतो, पण तो फक्त आतल्या लाइट मीटरची, म्हणजे उजेड मोजणाऱ्या यंत्राची, सुई हलवण्यापुरता. शटर चालतं स्प्रिंगवर. रोल पुढे सरकवायला तुम्ही अंगठ्याने जी लिव्हर ओढता, त्याच ओढीने शटरची स्प्रिंग ताणली जाते. बटण दाबलं की सुटते. आजोबांच्या चावीच्या घड्याळाचीच जात. सेल संपला तरी एक सेकंदापासून १/१००० पर्यंतचे सगळे वेग जसेच्या तसे चालतात.

आता झिजण्याचा हिशेब करू. हौशी माणूस महिन्याला एक रोल काढतो असं धरलं तर ३६ गुणिले १२, म्हणजे वर्षाला ४३२ फोटो. दहा वर्षांत साडेचार हजारसुद्धा नाहीत. लग्नाचे फोटो काढणारा आजचा फोटोग्राफर एवढे क्लिक दोन-तीन कार्यांत उडवतो. आपल्या बाबांनी तर दिवाळी, एखादी सहल आणि मुलांचे वाढदिवस मिळून वर्षाला दोन रोल काढले असतील. असा कॅमेरा झिजणार कशाने? मी पाहिलेले बहुतेक बंद कॅमेरे वापरून झिजलेले नव्हते. ते कपाटात मेले होते.

नुसता ठेवलेला कॅमेरा बिघडतो कसा?

शिलाई मशिनसारखा. वर्षभर न चालवलेलं मशिन जड होतं, तसंच. आतलं तेल आणि ग्रीस सुकून चिकट होतं. पहिला फटका बसतो सावकाश वेगांना, कारण एक सेकंद किंवा अर्धा सेकंद मोजायला आत बारीक दातेरी चाकांची एक साखळी असते आणि तीच आधी अडते. म्हणून १/५०० वर शटर छान खटकन वाजतं, आणि एक सेकंदावर लावलं तर उघडतं ते उघडंच राहतं. विकणारा माणूस तुम्हाला नेहमी १/५०० वरच वाजवून दाखवतो, हेही लक्षात असू द्या.

दुसरी गोष्ट फोम. मागच्या झाकणाच्या खाचेत आणि आरशाच्या वरच्या कडेला काळ्या फोमची पट्टी असते. तीस-चाळीस वर्षांत तिचं डांबर होतं. बोटाला चिकटतं, खाचेतून प्रकाश आत झिरपतो आणि फोटोवर नारिंगी ओघळ येतात. पोरं हल्ली याला कलात्मक म्हणतात. आमच्या वेळी रोल वाया गेला म्हणायचे. हे काम घरी जमण्यासारखं आहे: जुना फोम दातकोरणीने आणि थोड्या स्पिरिटने खरवडून काढायचा, खाचेत काळा लोकरीचा धागा बसवायचा. फक्त आरशाला बोट लागू देऊ नका. त्याचा चकाकणारा थर वरच्याच बाजूला असतो, पुसलात तर चरा पडलाच समजा.

तिसरी गोष्ट आत विसरलेला सेल. तो फुटतो, पांढरा-हिरवा क्षार वायरी खातो. कॅमेरा ठेवून देणार असाल तर आधी सेल काढा.

उपाय बिनखर्चाचा आहे. महिन्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढा, रोल नसताना प्रत्येक वेगावर पाच-सहा वेळा शटर दाबा, अ‍ॅपर्चरची (म्हणजे उजेड आत घेणाऱ्या भोकाची) आणि फोकसची रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. चहाला उकळी येईपर्यंत होतं. ठेवताना मात्र शटर ताणलेलं ठेवू नका.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते म्हणतात. खरं का?

खरं, आणि पुण्यातल्या कॅमेऱ्यांचा हाच सगळ्यात मोठा शत्रू. मे महिन्यात आपल्याकडे ओठ फुटतात इतकी हवा कोरडी असते, त्यामुळे माणूस गाफील राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये दमटपणा ऐंशी टक्क्यांच्या पुढे जातो, आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. बुरशीला साठ-पासष्ट टक्क्यांवरचा दमटपणा, अंधार आणि न हलणारी हवा एवढंच हवं असतं. थोडक्यात, तुमचं लोखंडी कपाट.

ओळखायची कशी? लेन्स काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, एका बाजूने मोबाईलचा टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर बुरशी. नुसते धुळीचे चार कण दिसले तर काही बिघडत नाही, फोटोत ते दिसतसुद्धा नाहीत. बुरशी लवकर सापडली तर मेकॅनिक लेन्स खोलून पुसून देतो. उशीर झाला की ती आम्ल सोडते, काचेवरचा थर आणि मग काचही खाते. तो डाग कोणीही काढू शकत नाही.

आता घरोघरी होणाऱ्या चुका. कॅमेरा त्याच्या मूळ चामड्याच्या केसमध्ये ठेवणं ही सगळ्यात मोठी. केस दिसते छान, बाबांनी ती पॉलिश वगैरेही केलेली असते. पण चामडं ओल धरतं आणि बुरशीला खाऊ घालतं. केस वेगळी ठेवा. दुसरी चूक डांबराच्या गोळ्या. साड्यांना ठीक, पण त्यांची वाफ काचेवर आणि प्लॅस्टिकवर बसते. तिसरी तांदूळ. तांदळाने ओल फारशी जात नाही, पीठ मात्र रिंगेत शिरतं.

करायचं काय, तर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेल. रंग बदलणारं जेल घ्या. नारिंगी हिरवं पडलं की पाणी पिऊन तृप्त झालं असं समजा. मंद आचेवर परतलं की पुन्हा नारिंगी होतं. निळं-गुलाबी होणारं टाळा, त्यात कोबाल्ट असतं. आणि कुठलंही असलं तरी परतायला स्वयंपाकाची कढई घेऊ नका. आमच्या घरी यावरून एकदा बोलणी झाली आहेत. डब्यात छोटा दमटपणा दाखवणारा काटा ठेवलात तर चाळीस ते पन्नासच्या मध्ये राहील असं बघा.

काही जण बुरशी मरावी म्हणून कॅमेरा गच्चीवर उन्हात ठेवतात. उष्णतेने फोकसच्या रिंगेतलं ग्रीस पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर उतरतं, आणि जुन्या कापडी शटरचा रेंजफाइंडर (आत आरसा नसलेला) कॅमेरा असेल तर लेन्समधून आलेलं ऊन शटरला भोकही पाडू शकतं. भिंगाने कागद जाळायचा खेळ लहानपणी खेळला असालच.

घरात सापडलेला कॅमेरा चालू आहे की नाही, कसं तपासू?

सगळ्यात आधी झाकण उघडू नका. आत रोल असू शकतो. डावीकडची गोल कळ बाणाच्या दिशेने अगदी हलक्या हाताने फिरवा. ताण लागला तर आत रोल आहे. सरळ शेवटच्या प्रश्नाकडे जा. सैल फिरली तर झाकण उघडायला हरकत नाही.

मग खिडकीसमोर धरा, अ‍ॅपर्चर मोठं उघडा आणि मागून बघत शटर दाबा. एक सेकंदावर तोंडाने "एक हजार एक" म्हणा. तेवढ्यात बंद झालं पाहिजे. पुढे अर्धा, पाव, १/८, १/१५. प्रत्येक पायरीला वेळ निम्मा होतोय हे कानाला कळतं. वरचे वेग कानाने कळत नाहीत. त्यासाठी मोबाईलवर स्लो-मोशनमध्ये चित्रण करून शटरचे दोन पडदे नीट धावतायत का ते बघता येतं. कापडी शटर असेल तर लेन्स काढून, खोलीत अंधार करून टॉर्च मारा; कापडातून चांदणं दिसलं तर ते विरलं आहे. शेवटी कान लेन्सजवळ नेऊन फोकसची रिंग फिरवा. करकर आवाज म्हणजे आत वाळू.

एवढं करूनही खरा निकाल पहिल्या रोलनंतरच कळतो. तो रोल लग्नकार्यात वापरू नका.

नवशिक्याने कोणता घ्यावा?

के-१०००. जड आहे, दिसायला काही विशेष नाही, पण त्यात चुकीचं बटण दाबायला बटणंच नाहीत. त्याची एकच खोड: मीटर बंद करायची सोयच नाही. उजेड पडला की सुई हलते आणि सेल खर्च होतो. म्हणून लेन्सवर झाकण लावायची सवय लावा, तोच त्याचा स्विच.

पैसे जास्त घालायची तयारी असेल तर निकॉन एफएम२. १९८२ साली आला तेव्हा १/४००० हा त्या काळातला सगळ्यात वेगवान शटर त्यात होता, टायटॅनियमच्या पात्यांचा, मधमाशांच्या पोळ्यासारखी नक्षी असलेला. तोही सेलशिवाय चालतो. शिवाय त्याला बसणाऱ्या जुन्या लेन्स भरपूर मिळतात. धाकटा भाऊ एफएम१०, फोटोग्राफी शिकणाऱ्या मुलांच्या हाती हा खूप दिसायचा. प्लॅस्टिक आहे, पण वाईट नाही.

ज्यांना आकडेच नकोत त्यांनी ऑलिंपस ट्रिप ३५ शोधावा. हा १९६७ चा. सेल लागतच नाही. लेन्सभोवती सेलेनियमची जाळी असते, ती प्रकाशावर वीज तयार करून अ‍ॅपर्चर ठरवते. अंतरासाठी एकट्या माणसापासून डोंगरापर्यंत चार चित्रं. उजेड कमी असेल तर डोळा लावून बघायच्या खिडकीत लाल झेंडी वर येते आणि शटर दबतच नाही. इतका समजूतदार कॅमेरा मी दुसरा पाहिलेला नाही. पण सेलेनियम उतरलं की खेळ संपला, म्हणून घेताना ती झेंडी तपासाच: लेन्स हाताने झाका, झेंडी आली पाहिजे, उजेडात धरा, गेली पाहिजे.

कॅनन एई-१ सगळ्यांना हवा असतो. फोटो छान येतात, पण सहा व्होल्टचा सेल गेला की तो वीट होतो. आरशाजवळचं तेल सुकलं की शटर दाबताना खोकल्यासारखा आवाज येतो. आवाज आला म्हणून टाकून देऊ नका, सर्व्हिसिंगने जातो. रशियन झेनिट दणकट, प्रसंगी नारळही फोडता येईल. त्यावरची हेलिओस लेन्स मात्र नाजूकपणे सुंदर फोटो देते. रशियन झोर्की मिळाला तर एकच पथ्य: आधी लिव्हर किंवा कळ फिरवून शटर ताणायचं, मगच वेग बदलायचा. उलटं केलंत तर आतली यंत्रणा मोडते. हाताने बिघडवलेल्या माझ्या दोनांपैकी एक हाच.

जुन्या बाजारातून घेऊ का?

बुधवारी आणि रविवारी चक्कर मारायला मजा येते. पण तिथे तपासायला वेळ आणि उजेड दोन्ही मिळत नाही. किंमत अशी द्या की उद्या बंद निघाला तरी झोप उडणार नाही. त्यापेक्षा नातेवाइकांच्या माळ्यावर शोधा.

मीटर बंद आहे, आणि त्याचा सेल आता मिळत नाही. मग?

साठ-सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांना १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा. पारा विषारी म्हणून ते बंद झाले. आजचा साधा सेल दीड व्होल्टचा, त्यामुळे मीटर चुकीचं दाखवतं. यावर सोपा तोडगा कानाच्या मशिनचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल. त्याचा दाब जवळपास तेवढाच असतो आणि श्रवणयंत्रं विकणाऱ्या दुकानात मिळतो. आकाराने थोडा लहान, म्हणून भोवती रबराची रिंग लावायची. स्टिकर काढला की काही आठवड्यांत संपतो, एवढंच.

नाहीतर मीटर विसरा. लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर एफ १६ (आकडा मोठा, भोक लहान) आणि वेग रोलच्या आयएसओइतका (आयएसओ म्हणजे रोल उजेड किती चटकन पकडतो त्याचा आकडा), हा नियम रोलच्या खोक्यावर छापून येत असे आणि तो आजही खरा आहे. आयएसओ २०० चा रोल घालून दुपारी शनिवारवाड्याच्या दरवाजासमोर उभे असाल तर एफ १६ आणि १/२५०. हलके ढग आले तर एफ ११, सावल्या नाहीशा झाल्या तर एफ ८. झाडाच्या दाट सावलीत एफ ५.६. मंडईच्या छताखाली सकाळी आयएसओ ४०० ला मी एफ २.८ आणि १/६० वर काढतो. शंका आली तर उजेड थोडा जास्तच द्या. निगेटिव्ह जास्त उजेड पोटात घालते, कमी उजेड मात्र माफ करत नाही.

वापरायला अवघड आहे का हो? आम्ही मोबाईलवाली माणसं.

तीनच गोष्टी ठरवायच्या असतात: किती उजेड आत घ्यायचा, किती वेळ घ्यायचा आणि कुठे फोकस करायचा. तिन्हीसाठी एकेक रिंग किंवा कळ, तिच्यावर आकडे कोरलेले. मेनू नाही, पासवर्ड नाही, अपडेट नाही. माझी भाची अकरा वर्षांची होती तेव्हा पर्वतीच्या दोन फेऱ्यांत शिकली. पहिल्या फेरीत नुसता फोकस, रोल न घालता. १०३ पायऱ्यांपैकी प्रत्येक दहाव्या पायरीवर थांबून खालच्या माणसावर. दुसऱ्या फेरीत वेग आणि अ‍ॅपर्चर. तिच्या बाबांना, म्हणजे माझ्या मेहुण्यांना, महिनाभर लागला, कारण ते दर फोटोनंतर कॅमेरा उलटा करून मागे बघायचे.

खरी अडचण वेगळी आहे. चाळिशीचा चष्मा असेल तर खिडकीतून बघणं त्रासाचं होतं. चष्मा लावून कडा दिसत नाहीत, काढला तर फोकस कळत नाही. यासाठी खिडकीवर बसवायच्या नंबराच्या काचा मिळतात. घेण्याआधी चष्मा लावून बघाच, कारण ऑलिंपस ओएम-१ सारख्या कॅमेऱ्यांत चित्र मोठं दिसतं, काहींत डबीतून पाहिल्यासारखं.

रोल भरताना घोळ होतो.

सगळ्यांचा होतो. माझा झाला तो दिवे घाटात. माउलींची पालखी सासवडकडे चढत होती, वर ढग, रस्ता माणसांनी पांढराशुभ्र. मी काढतोय, काढतोय. आकडा ३६ वर गेला, ३७, ३८, ४०. चाळीसला घाम फुटला. रोलचं टोक गुंडाळीच्या खाचेत अडकलंच नव्हतं. लिव्हर हवेत फिरत होती. घाटातला एकही फोटो नाही.

तेव्हापासून एकच सवय: झाकण लावल्यावर डावीकडची कळ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून रोल ताणून घ्यायचा, आणि मग लिव्हर ओढताना ती कळ उलटी फिरते का हे बघायचं. फिरली तर रोल सरकतोय. प्रत्येक फोटोला बघितलंत तरी हसू नका, मी अजून बघतो. रोल सावलीत भरा, निदान स्वतःच्या सावलीत. शेवटी लिव्हर अडली तर जोर लावू नका, भोकं फाटतील. तळाचं छोटं बटण दाबा आणि कळ फिरवून रोल परत डबीत घ्या. सुटल्याचा आवाज येईपर्यंत.

खर्च किती?

रंगीत रोल, धुणं आणि स्कॅन मिळून माझा हिशेब दीड हजाराच्या आसपास जातो. म्हणजे फोटोमागे साधारण चाळीस रुपये, बऱ्या मिसळीच्या निम्मे. कृष्णधवल घरी धुतलं तर बराच कमी. हौस आहे, स्वस्त नाही, आणि स्वस्त आहे असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

रोल धुवायचा कुठे?

रंगीत रोल लॅबला द्या. त्याचं रसायन ३७.८ अंशांवर सव्वातीन मिनिटं ठेवावं लागतं, अर्ध्या अंशाचा फरक पडला तरी रंग हलतात. शहरातल्या एका लॅबने माझा कृष्णधवल रोल रंगीताच्या रसायनात घातला होता. हाती आली ती पारदर्शक पट्टी. तेव्हा देताना पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा आणि तोंडानेही सांगा.

कृष्णधवल मात्र घरी धुवाच. अंधारी खोली लागत नाही. हात घालायच्या काळ्या पिशवीत रोल धुवायच्या छोट्या बंद टाकीत भरला की पुढचं सगळं उजेडात. इल्फर्डचा एचपी५ रोल डी-७६ या रसायनात, पाणी न मिसळता, २० अंशांवर साडेसात मिनिटं. आता पुण्यात २० अंशांचं पाणी फक्त डिसेंबर-जानेवारीत नळाला येतं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तर चहाला चालेल असं असतं. तापमान वाढलं की वेळ कमी करावी लागते, आणि पाच मिनिटांच्या खाली गेलात तर डाग पडायची भीती. माझा उपाय माठ. कोरड्या उन्हाळ्यात माठातलं पाणी छान गार होतं. त्याच पाण्याने रसायन बनवायचं आणि परातीत बर्फाचे दोन खडे टाकून टाकी त्यात उभी करायची. माठाला रसायनाचा हात लावायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. आईने मला वेगळा माठ आणून दिला.

निगेटिव्ह किती टिकतात?

कॅमेऱ्यापेक्षा जास्त लक्ष खरं तर त्यांच्याकडे द्यायला हवं. जुन्या फिल्मचा पाया अ‍ॅसिटेटचा. ऊब आणि ओल मिळाली की तो कुजतो आणि डबा उघडताच व्हिनेगरचा वास येतो. लॉ कॉलेज रोडवरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून ज्या रिळांना जपतंय, त्यांना हाच रोग होतो आणि त्यावर त्यांच्याकडेही उपाय तोच: गार आणि कोरडं. आपल्याकडे शीतगृह नाही, तर निदान माळ्यावर ठेवू नका. पत्र्याखालचा माळा म्हणजे भट्टी. वास येणारी पट्टी बाकीच्यांपासून वेगळी करा आणि आधी तिचंच स्कॅन करून घ्या.

गुलाल, भंडारा, पाऊस, यात नेऊ का?

न्या. पण तयारीने. पाण्यापेक्षा पूड वाईट. पाणी पुसता येतं, पूड रिंगेत बसते आणि ग्रीसमध्ये मिसळून सँडपेपरसारखं काम करते. जेजुरीला सोमवतीला एकदा पायऱ्यांच्या वरच्या टप्प्यावर उभा होतो, वरून भंडारा उधळला. दोन सेकंदांत सगळं जग पिवळं. फोटो सुंदर आला, लेन्स मात्र अजून फोकस फिरवला की पिवळी रेघ सोडते. मधे दोनदा सर्व्हिसिंग झालं, तरी. मेकॅनिक म्हणाले, "राहू द्या, प्रसाद आहे."

आता विसर्जनाला किंवा जेजुरीला जाताना लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर, लेन्स आणि बॉडीच्या जोडावर कागदी चिकटपट्टी, आणि वरून दुधाच्या पिशवीपेक्षा जरा मोठी पारदर्शक पिशवी, लेन्सपुरतं भोक पाडून रबरबँडने आवळलेली. गर्दीत लेन्स बदलायची नाही, रोल बदलायला एखाद्या दुकानात शिरायचं. घरी आल्यावर फुंकर मारू नका, तोंडाची वाफ जाते. रबराच्या फुग्याने हवा मारा आणि मऊ ब्रशने झाडा. भिजला तर पुसून, झाकण उघडून पंख्याखाली ठेवा. हेअर ड्रायर नको. थेट पाण्यात पडला तर मात्र वाट न बघता त्याच दिवशी मेकॅनिककडे.

विमानतळावरच्या एक्स-रेचं काय?

रोल सामानात टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा. नवीन सीटी स्कॅनर एका फेरीतही फिल्म धुरकट करू शकतात. पारदर्शक पिशवीत, रोल ठेवायच्या बाहेरच्या प्लॅस्टिकच्या डब्यांची झाकणं काढून, नम्रपणे दिलं की बहुतेक वेळा ऐकतात.

दुरुस्ती कोण करतं? मी घरी खोलू का?

दुसरा बिघडवलेला कॅमेरा असाच. एक याशिका, तीन स्क्रू, मग एक ठिपक्याएवढी स्प्रिंग उडाली ती कुठे गेली हे अजून माहीत नाही. फोम बदला, बाहेरून पुसा, त्यापुढे जाऊ नका. जपानी कॅमेऱ्यांच्या स्क्रूंच्या खाचा आपल्या नेहमीच्या फुलीच्या पेचकसात नीट बसत नाहीत, डोकी गुळगुळीत होतात, आणि मग मेकॅनिकही हात जोडतो. जाम झालेल्या शटरवर गंज काढायचा स्प्रे तर मुळीच मारू नका. तेल पडद्यांवर पसरतं.

पुण्यात कॅमेरे दुरुस्त करणारे हात अजून आहेत, बहुतेक पिकलेल्या केसांचे. देताना नेमकं बोला: "एक सेकंद अडतोय, फोम गेलाय, मीटर चाललं नाही तरी चालेल." नुसतं "बघा जरा" म्हणालात तर तेही जराच बघतात. एकदा नीट तेलपाणी झालं की हौशी वापरात पुढची दहा-पंधरा वर्षं सहज जातात. आणि घाई करू नका. सुटे भाग नवीन बनत नाहीत. दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्यातून काढावे लागतात. म्हणूनच बंद कॅमेरा भंगारात घालण्याआधी अशा एखाद्या मेकॅनिकला विचारा.

मोबाईल असताना हे कशाला?

मोबाईलने काढा की. माझी हरकत नाही.

आजोबांच्या कॅमेऱ्यात अर्धा रोल तसाच आहे. त्यात काही उरलं असेल?

उरलेलं असू शकतं, म्हणून आधी सांगितलं की झाकण उघडू नका. ३५ मिलिमीटरचा असेल तर तळाचं बटण दाबून रोल हळूहळू परत गुंडाळा. जुनी फिल्म ठिसूळ होते, तेव्हा ओढ जाणवली की थांबा, दमाने घ्या. अडलाच तर काळ्या पिशवीत काढावा लागेल. अ‍ॅग्फा क्लिक थ्रीसारखा १२० रोलचा (मागे कागद लावलेल्या रुंद फिल्मचा) साधा कॅमेरा असेल, आपल्याकडे घरोघरी होता तो आणि भारतातच बनत असे, तर मागे लाल काचेची छोटी खिडकी असते. त्यात आकडा दिसतो. बारापर्यंत आणि पुढे कागद सुटेपर्यंत फिरवा, सावलीत उघडा, टोक घट्ट चिकटवा. हा रोल उलटा गुंडाळायचा नसतो.

रोल कृष्णधवल असेल तर आशा बरी. ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे 'इंदू' रोल आठवत असतील, तसलं काही निघालं तर लगेच धुवून घ्या, आयएसओचा विचार न करता. जुना रंगीत असेल तर रंग विसरा, कृष्णधवल रसायनात धुतला तर आकृत्या मिळू शकतात. कोडाक्रोम या कोडॅकच्या स्लाइड फिल्मचे रोल तर रंगीत धुवायला घेणं जगातल्या शेवटच्या लॅबने ३० डिसेंबर २०१० ला थांबवलं. जुना रोल देताना लॅबला किंवा धुणाऱ्याला आधीच सांगा की काय आहे, म्हणजे ते एक तुकडा आधी धुवून वेळ ठरवतील.

आत्याच्या साताऱ्याच्या घरी असाच एक क्लिक थ्री निघाला, लाल खिडकीत नऊचा आकडा. काका जाऊन तेव्हा बावीस वर्षं झाली होती. मी घरीच धुतला, माठाच्या पाण्यात. नवापैकी चार आले. दोन धुरकट, एकात कोणाचा तरी अंगठा. चौथ्यात साताऱ्याचीच पडवी, पडवीत सायकल आणि सायकलच्या हँडलला अडकवलेली भाजीची पिशवी, इतकी स्पष्ट की आतली मेथी दिसते. फोटो आत्याकडे फ्रेम करून लावला आहे. सायकल कोणाची, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.